लाईट गेली की सगळं विसरणारा डेस्कटॉप

"मेकॅनिक कुठंय?"

भोरच्या बाजारपेठेत बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी जितक्यांदा ऐकला, तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. हातात स्क्रू-ड्रायव्हर, पुढ्यात उघडा सीपीयू, कपाळावर घाम, आणि गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून आत दुकानात बघत विचारणार, "बाई, मेकॅनिक कुठंय?" सुरुवातीला राग यायचा. मग मी सांगायला लागले, "जेवायला गेलाय. तोवर मी बघते." आणि मशीन दुरुस्त करून द्यायचे. तालुक्यातल्या काही लोकांचा आजही समज आहे की शमीमकडचा मेकॅनिक कामाला चांगला होता, पण फार जेवायचा.

दुकान मुळात अब्बांचं, घड्याळदुरुस्तीचं. पुण्यात हार्डवेअरचा कोर्स करून मी तिथंच नोकरीला लागले होते, पण अब्बांचे हात थरथरायला लागले आणि मी परत आले. घड्याळं हळूहळू कमी झाली, कॉम्प्युटर वाढले. बारीक स्क्रू खाली पडू द्यायचा नाही आणि गिऱ्हाईकासमोर 'अरे बापरे' म्हणायचं नाही, या दोन गोष्टी मी अब्बांकडून शिकले. दुसरी अजून जमत नाही.

कारण गिऱ्हाईकंच तशी भेटली. पानशेतला धरणाजवळ एक हॉटेलवाले होते. खंडेनवमीला त्यांनी कॉम्प्युटरची पूजा केली आणि सीडीचा ट्रे नैवेद्याच्या ताटलीसारखा बाहेर आला म्हणून त्यात हळद, कुंकू, अक्षता सगळं वाहिलं. आणि वर तो आत ढकलूनही दिला. "देवानं घेतलं की ओ आत," म्हणाले. वेल्ह्याच्या एका पतसंस्थेत धूळ बसू नये म्हणून मशीन चालू असतानाही प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवायचे. मशीन तापून बंद पडलं की मला बोलावणं. मी कव्हर काढायचे, ते घालायचे. शेवटी मीच हात टेकले.

असे किस्से सांगायला बसले तर हा अंक पुरणार नाही, आणि संपादकांना तेच हवे आहेत हे मला माहीत आहे. पण इतकी वर्षं मनातून न गेलेलं काम एकच आहे, आणि त्यात हसण्यासारखं फार थोडं आहे. तेच सांगते.

त्याआधी थोडं धंद्यातलं. कॉम्प्युटर चालायला एक मूळ प्रणाली लागते. आमच्याकडे बहुतेकांच्या मशीनवर ती असायची चोरून टाकलेली. पुण्यात धाडी पडतायत अशी आवई उठली की लोक मशीनवर सतरंजी टाकून बसायचे. मी त्यांना सांगायचे, लिनक्स घाला. ही प्रणाली फुकट आणि उजळ माथ्यानं वापरायची. तिची गंमत अशी की इंजिन एक आणि बॉडी वेगवेगळ्या. एसटीची चेसिस एकीकडून येते आणि बॉडी दुसरीकडे चढते, तसं. पडद्यावर आपल्याला दिसतं ते, म्हणजे चित्रं, खिडक्या, खालची पट्टी, घड्याळ, ही सगळी बॉडी. तिला डेस्कटॉप म्हणतात. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून, कुणाकडून पैसा न घेता, असे डेस्कटॉप बनवतात. पहिल्यांदा हे ऐकल्यावर अब्बा म्हणाले होते, "मग ते खातात काय?"

नवा डेस्कटॉप बाहेर काढताना हे लोक आधी कच्ची आवृत्ती काढतात आणि स्वतःच सांगतात, की बाबांनो, हे पक्कं नाही, वापरून बघा, काय मोडतंय ते आम्हाला कळवा. मला या कच्च्या आवृत्त्यांचं वेड होतं. पुण्याला सामान आणायला गेले की नेटकॅफेत बसून उतरवून घ्यायचे आणि दुकानातल्या माझ्या मशीनवर घालायचे. काही बिघडलं की मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवायचे. कधीमधी उत्तर यायचं, आभार, दुरुस्त केलं. भोरच्या एका बाईनं सांगितलं म्हणून कुठल्या तरी थंड देशातला माणूस एक ओळ बदलतोय, या विचारानं मी दिवसभर तरंगत असायचे. दुकानात पैसे देताना घासाघीस करणाऱ्यांपुढे तेवढाच माझा तोरा.

आता सोपानकाका.

काका उत्रोलीचे. रोज सायकलवरून भोरला यायचे, आमच्या दुकानापासून जवळच असलेल्या छापखान्यात. जन्मभर त्यांनी खिळे जुळवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी छपाईचं प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा असायचा. खणाखणांच्या मोठ्या लाकडी ट्रेमध्ये हे खिळे ठेवलेले. त्या ट्रेला केस म्हणायचं. खिळे जुळवणारा केसकडे बघतसुद्धा नाही, त्याची नजर मजकुरावर आणि हात आपोआप त्या त्या खणात. छापून झालं की ते सगळे खिळे सुटे करून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. हेही कामच. त्याशिवाय दुसरं काम सुरूच होत नाही.

मग छपाईचं ट्रेडल मशीन भंगारात गेलं, खिळे वजनावर गेले, आणि छापखान्यात कॉम्प्युटर आला. जुने मालक वारले होते, मुलगा अविनाश बघत होता. वागायला सरळ माणूस. त्यानं बाकीच्यांना हिशेब करून मोकळं केलं, पण काकांना म्हणाला, शिकता का? साठीला आलेल्या माणसाला. आणि शिकवायला मी.

पहिला आठवडा मी डोकं आपटून घेतलं. काकांना माऊस म्हणजे काय ते कळेना असं नव्हतं, त्यांना दिसतच नव्हतं. खिळ्यांची उलटी अक्षरं वाचून वाचून डोळे गेलेले, मोतीबिंदू काढला तरी धुरकटच. चित्राखालचं नाव वाचायला ते पडद्याला नाक लावायचे. एके दिवशी वैतागून म्हणाले, "शमीम, नावं वाचायला लावू नगंस. तू फकस्त हे एका जाग्यावर ठिव. मंग माझा हात जातोय का न्हाई बघ."

त्यांनी डेस्कटॉपची केस केली. लग्नपत्रिकांचे नमुने उजवीकडे, हाताशी. त्याच्या खाली बिलबुकं. गणपतीची चित्रं आणि वेलबुट्ट्या डावीकडे ओळीनं. जत्रेची हँडबिलं मधे. दशक्रियेची पत्रं पार वरच्या कोपऱ्यात. मी विचारलं, ती इतक्या लांब कशाला? "रोज हाताशी नसावी ती," म्हणाले. महिन्याभरात असा वेग आला की अविनाश बघत राहायचा. काका नजर कागदावर ठेवून माऊस हलवायचे आणि नेमकं हवं ते उघडायचं. मजकूर टाइप करताना मात्र अडायचे. मोठं करून बघावं तर त्या जुन्या डेस्कटॉपवर अक्षरं फाटायची, खिडकी पडद्याबाहेर जायची. छापण्याआधीची मुद्रितं तपासायला ते गिऱ्हाईकालाच बसवायचे. पत्रिकेत चुलत्याचं नाव चुकलं की काय होतं हे भोरमध्ये कुणाला सांगायला नको.

याच सुमाराला त्या नव्या डेस्कटॉपची कच्ची आवृत्ती आली. नाव सांगत नाही, कारण बनवणाऱ्यांचा काही दोष नाही. त्यांनी आधीच सांगितलं होतं की कच्चं आहे. मी माझ्या मशीनवर घातलं. दिसायला इतकं देखणं की मी शेजारच्या कापडवाल्याला बोलावून दाखवलं. त्यात प्रत्येक गोष्ट हवी तेवढी मोठी करता यायची, चित्रं, अक्षरं, सगळं, आणि कितीही मोठं केलं तरी रेघ स्वच्छ. मी गंमत म्हणून सगळं भलंमोठं केलं होतं आणि तेवढ्यात सोपानकाका शाईची बाटली मागायला आले.

दारातच थांबले. मग आत आले. पडद्यापासून हातभर लांब उभे राहिले आणि मोठ्यांदा वाचायला लागले. "कचरापेटी. माझे घर. शोधा." मराठी मेनू होता. एकेक नाव वाचत गेले. "अगं, हे दिसतंय मला! चष्म्याशिवाय दिसतंय!" चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग तिथंच स्टुलावर बसले आणि डोळे पुसले. मी उगाच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहिले.

"हे माझ्या मशीनला घाल."

"काका, हे कच्चं आहे. मधेच बंद पडेल. सहा-आठ महिने थांबा, पक्कं आलं की घालू."

"आमची ट्रेडल काय बंद पडत नव्हती व्हय? बंद पडली तर चालू करू की. मला डोळं आत्ता पायजेत."

अविनाशनं एकच प्रश्न विचारला, "फुकट आहे ना? मग घाला." मी घातलं. काकांची सगळी मांडणी जशीच्या तशी लावून दिली आणि काकांना बजावलं, "काही बिघडलं की मला सांगायचं. बारीकसारीकसुद्धा. मी ते बनवणाऱ्यांना कळवते, ते दुरुस्त करतात."

काकांनी ते फार मनावर घेतलं. बाजारच्या दिवशी मी छापखान्यात डोकवायचे. काका तयारच असायचे. खालचं घड्याळ मधेच थांबतंय. दोन खिडक्या एकदम उघडल्या की एक पांढरी पडती. पेन ड्राईव्ह काढला तरी त्याचं चित्र जात न्हाई. सगळे खरे बिघाड, सगळे नेमके. मी ते कळवले आणि खाली लिहिलं, हे आमच्या गावचे सोपानकाका यांनी शोधले. घड्याळाचा बिघाड दुरुस्त झाल्याचं उत्तर आलं तेव्हा मी त्यांना ते वाचून दाखवलं.

"माझं नाव कळवलंस व्हय तिकडं?"

"कळवलं की."

"उत्रोली पण लिवायचं व्हतंस," म्हणाले. खूश होते.

दर वेळी निघताना मी विचारायचे, "आणखी काही त्रास?" आणि दर वेळी ते म्हणायचे, "न्हाई गं. लई झकास हाय." अक्षरं दिसत होती. मुद्रितं ते स्वतः तपासत होते. एकदा तर नवऱ्यामुलाच्या बापानं लिहून दिलेलीच चूक त्यांनी पकडली आणि त्याचं कौतुक बाजारभर झालं.

ते दिवस लोडशेडिंगचे होते हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. लाईट ठरलेल्या वेळी तर जायचीच, वर न ठरलेल्या वेळीही जायची. माझ्या दुकानात इन्व्हर्टर होता. छापखान्यात मशीनखाली बॅटरीचा डबा होता, पण त्यातली बॅटरी कधीच बसली होती. लाईट गेली की मशीन धप्पकन बंद. आली की चालू करायचं. त्यात विशेष काही कुणाला वाटायचं नाही. मलाही नाही.

पावसाळा गेला, लग्नसराईच्या पत्रिका सुरू झाल्या. मी वेल्ह्याकडच्या शाळांच्या कामात अडकले, दोन-तीन बाजार माझं छापखान्याकडे जाणं झालं नाही. मग एक दिवस अविनाशचा फोन. "ताई, जरा येऊन जा. मशीनला काहीतरी झालंय."

गेले तर काकांच्या खुर्चीवर एक बाई. सुवर्णा. आमच्याच बाजारपेठेतली सून, कोर्स केलेली, नवरा डेपोत हंगामी कामाला. मी अविनाशकडे बघितलं.

"काका कुठायत?"

"सोडलं त्यांनी. मी काढलं नाही हं ताई, तुम्ही मनात काही आणू नका. स्वतःच आले, म्हणाले, हात चालत नाही आता, दिवसाचं काम दिवसात उरकत नाही. मी म्हटलं, हळू करा. पण पत्रिका तुंबल्या होत्या हेही खरं. मी तरी काय करू? पुढं बसून बघायचो तर काका नुसता माऊस हलवत असायचे. अर्धा-अर्धा तास. बोलावं कसं वयाच्या माणसाला?"

मला वाटलं, वय झालं असेल. तेवढ्यात सुवर्णा खुर्ची सरकवून म्हणाली, "ताई, हे आधी बघा. हे मशीन बिघडलंय. लाईट गेली की हे सगळं एका कोपऱ्यात गोळा करून ठेवतंय. सकाळपास्नं तीनदा झालं. मी नाही बाई परत परत लावत बसणार."

पडद्यावर सगळी चित्रं डाव्या वरच्या कोपऱ्यात एकावर एक येऊन पडली होती. पत्रिका, बिलबुकं, गणपती, हँडबिलं, सगळ्यांचा ढीग. ती मोठाली, स्वच्छ अक्षरं एकमेकांवर चढलेली.

काय झालं होतं ते मला लगेच कळलं. जुना डेस्कटॉप कुठलं चित्र कुठं ठेवलंय ते तिथल्या तिथं नोंदवून घ्यायचा. हा नवा नोंदवायचा मशीन नीट बंद करताना. धप्पकन बंद झालं तर नोंद नाही, आणि पुन्हा चालू झाला की आंधळ्यासारखा सगळं एका कोपऱ्यात टाकून मोकळा. बनवणाऱ्यांच्या देशात लाईट जात नाही. त्यांना हा बिघाड दिसणारच नव्हता. माझ्याकडे इन्व्हर्टर, मलाही दिसला नाही. हा बिघाड भोरच्या त्या छापखान्यातच सापडायचा होता, आणि ज्याच्या समोर तो रोज घडत होता त्या माणसानं घड्याळापासून पेन ड्राईव्हपर्यंत सगळं मला सांगितलं आणि नेमकं हेच सांगितलं नाही.

दुरुस्ती क्षुल्लक होती. चित्र हलवलं की लगेच मांडणीची प्रत बाजूला ठेवायला आणि मशीन चालू होताना ती परत लावायला सांगायचं. अविनाशनं मागवलेला चहा गार व्हायच्या आत झालं. चित्रं मांडून मी प्लग ओढून बघितला. पुन्हा चालू केलं. सगळं जागच्या जागी. "बघा, ताईंनी लगेच केलं," सुवर्णा म्हणाली. मी तो चहा तसाच ठेवून उठले.

तशीच उत्रोलीला गेले. भातं कापून झाली होती, खाचरात पेंढ्या पडल्या होत्या. काका पडवीत बसून सुतळी वळत होते. काकूंनी पाणी आणलं आणि हात मागे घेतला. "रोजा तर न्हाई ना गं?" म्हटलं, "नाही काकू, ईद होऊन किती दिवस झाले." मग चहा टाकायला आत गेल्या.

"काका, सोडलंत का?"

"हात गेला," त्यांनी उजवा पंजा माझ्यापुढे धरला, जसा डॉक्टरला दाखवावा. "आदी केस लावायला मला वेळ लागत न्हवता. आता लावून हुईस्तवर परत लाईट जाती. सकाळी लौकर जायाचो, कुनी यायच्या आदी लावून घ्यायाचो. दुपारी परत. अविनाश बगायचा, बोलायचा न्हाई. त्याचं बी बरोबर हाय, काम पडून ऱ्हायाचं. म्हटलं, पोरानं जा म्हनायच्या आदी आपुनच उठावं."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

"चित्रं गोळा होतात म्हणून!"

काकांना खरंच कळत नव्हतं, मी का ओरडतेय ते. "अगं, त्यात सांगायचं काय? काम झालं की खिळे परत खनात टाकायचेच असत्यात. जुन्याला लागत न्हवतं, ह्याला लागतंय. अक्षर एवढं चांगलं दिसतंय तर तेवढं करावंच लागंल की. ती बिघाडाची गोष्ट न्हाई. ते काम हाय."

मी कपाळावर हात मारला. संताप कुणाचा येत होता कुणास ठाऊक, त्यांचा, माझा, त्या बॅटरीच्या डब्याचा. 'काही त्रास?' असं विचारायचे मी. त्यांना त्रास नव्हताच. मी एकदा तरी सकाळी जाऊन नुसतं शेजारी बसले असते, ते काय करतात ते बघितलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. घड्याळ उघडल्याशिवाय अब्बांनी कुणाचं ऐकून कधी निदान केलं नव्हतं.

"काका, ते काम नव्हतं. तो बिघाडच होता. मी आत्ता दुरुस्त करून आले. आता लाईट कितीदाही गेली तरी सगळं जागेवर राहतं."

सुतळी त्यांच्या हातातून खाली गेली.

"म्हंजी रोज लावायचं नव्हतंच?"

"नव्हतं काका."

"म्हंजी माझा हात..." त्यांनी पंजा पुन्हा पुढे धरला.

"हात चांगला आहे तुमचा. उलट दिवसातून इतक्यांदा सगळं लावून वर पत्रिका करत होतात. मला नसतं जमलं."

ते हसले. किती दिवसांनी कोण जाणे. मोठ्यांदा आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? हात चांगला हाय माझा! मशीनच बिघडलं व्हतं!" काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, काय झालं ते त्यांना अर्धंमुर्धं कळलं असेल, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्याही हसायला लागल्या. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, जीव भांड्यात पडला. मला वाटलं, मी चांगली बातमी घेऊन आलेय.

मग काका म्हणाले, "मंग येतो म्या उद्यापास्नं."

सुवर्णाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या घडीला सांगायला हवं होतं. काकू समोर उभ्या, काकांचा हात अजून तसाच पुढे धरलेला. मी म्हटलं, "अविनाशशी बोलते." ते त्यांनी ऐकलंच नाही बहुतेक.

परत येऊन अविनाशशी बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं धरून बसला. "ताई, तिला मी शब्द दिलाय. तिच्या नवऱ्याचं काम आज आहे, उद्या नाही. तिला काय सांगू? आणि दोघांना द्यायला माझ्याकडं काम कुठंय?" यात चुकीचं काय होतं? म्हणाला, उद्या मी स्वतः उत्रोलीला जाऊन काकांना समजावतो.

तो जायच्या आधीच काका आले. मी दुकान उघडत होते तर समोरून सायकल गेली. इस्त्रीचा शर्ट, टोपी स्वच्छ. मी कुलूप तसंच टाकून मागे धावले.

काका दारात उभे होते आणि आत खुर्चीवर सुवर्णा. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण म्हातारा माणूस बघून ती झटकन उठली. "बसा ना काका. तुम्हीच ना आधी होता इथं? अविनाशदादा सारखं तुमचं नाव घेतात." काकांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. पण खुर्ची पुढे आली होती, तर बसले.

पडदा लख्ख होता. त्यांनी माऊसवर हात ठेवला. नजर नेहमीसारखी दुसरीकडे, टेबलावरच्या एका पत्रिकेच्या मजकुरावर. हात उजवीकडे गेला आणि दाबलं. पावतीपुस्तक उघडलं. त्यांनी ते बंद केलं, जरा खाली गेले. जत्रेचं हँडबिल. मग त्यांनी मान वर करून पडद्याकडे बघितलं. मी दुरुस्त करून गेल्यावर सुवर्णानं सगळं आपल्या सोयीनं पुन्हा मांडलं होतं. दशक्रियेची पत्रंही तिनं खाली, हाताशी घेतली होती.

"मी बदललंय थोडं," सुवर्णा अवघडून म्हणाली. "तुमचं कुठं काय होतं सांगा काका, परत तसं लावते."

"नगं, नगं." काका लगेच उठले. माऊस होता तिथं सरळ ठेवला. "आमच्यात दुसऱ्याच्या केसला हात लावत न्हाईत. तुज्या हाताला आलंय तसंच ऱ्हाऊ दे. चांगलं लावलंयस."

अविनाश मागून आला, "काका, चहा घ्या, जरा बोलू," म्हणाला. काका म्हणाले, "सहज आलतो. बाजारात काम हाय." माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडले आणि सायकलवर बसले.

मी दुरुस्त केल्यामुळे आता सुवर्णाचीच मांडणी पक्की राहणार होती. काकांच्या हाताची तिथली सवय मोडायला मला एक दिवस पुरला, आणि हात चांगला असल्याचं मीच त्यांना सांगून आले होते. मला त्यांना हाक मारता आली असती. पण थांबवून सांगायचं काय होतं?